वॉर्ड आठमधला परकीय हात

३ मार्च, सोमवार. सकाळी ७.१०

नवी डायरी. लेन्सच्या कंपनीने फुकट दिलेली, पण कागद चांगला आहे. यात फक्त सत्य लिहायचं. कोणी वाचू नये. विशेषतः हिने.

निकाल लागून आज बारा दिवस झाले. वॉर्ड क्रमांक आठ, नगरसेवकपद. मेहुणा ८७४, पेट्रोल पंपवाला ५०२, मी ३१. म्हणजे पहिल्या तिघांत आलो. उभे तिघंच होतो, पण तो मुद्दा वेगळा.

एकतीस. बावीस वर्षं चष्म्याचं दुकान चालवतोय. अर्ध्या वॉर्डाच्या नाकावर माझी फ्रेम आहे. ही माणसं मला सोडून दुसऱ्याला मत देतात, याचा अर्थ कुठेतरी घोळ आहे. आणि दुसरा कोण, तर हिचा धाकटा भाऊ. दातांचा डॉक्टर. दिवसभर लोकांना तोंड उघडायला लावतो आणि बोलतो स्वतःच.

निश्चय: सूड. शांतपणे, कायद्याने, पण सूड.

उजवीकडची खालची दाढ ठणकते आहे. लक्ष द्यायचं नाही.

४ मार्च, मंगळवार

टीव्हीवर एकच विषय. देशाच्या निवडणुकांत बाहेरच्या देशाने हात घातला का, याची चौकशी. खोटी अकाउंट्स, खोट्या बातम्या वगैरे. सहा जण एकदम बोलत होते. तिघांचं म्हणणं, चौकशी झालीच पाहिजे. तिघांचं म्हणणं, चौकशी हेच मुळात कारस्थान. काही ऐकू येत नव्हतं. पण खालच्या पट्टीवर मी वाचलं: आयोग प्रत्येक शहरात जनसुनावणी घेणार, कोणताही नागरिक तक्रार देऊ शकतो, पुरावा मिळाला तर वॉर्डाची निवडणूकही रद्द होऊ शकते.

डोक्यात लख्ख उजेड पडला. मेहुण्याची खुर्ची परदेशी आहे.

पेशंटला बसवायची ती. बटण दाबलं की वर जाते. पाठीमागे परदेशी कंपनीचं नाव आहे, मी उद्घाटनाला स्वतः पाहिलंय. शिवाय मागच्या वर्षी साहेब चार दिवस परदेशात कॉन्फरन्सला. विषय हिरड्या. हिरड्यांवर चार दिवस कोण बोलतं?

नाक दाबलं की तोंड उघडतं. त्याचं नाक आता माझ्या चिमटीत आलं.

६ मार्च, गुरुवार

समोरच्या न्हाव्याकडे जनमत अजमावायला गेलो. पंपवाला खुर्चीत होता, तेव्हा न्हावी म्हणत होता की चौकशी म्हणजे नुसता वेळ घालवणं. मी बसलो तेव्हा म्हणाला, चौकशीला पर्याय नाही. त्याच्या हातात वस्तरा असल्यामुळे दोन्ही वेळा कोणी वाद घातला नाही.

मी परकीय हाताबद्दल सांगितलं. तो म्हणाला, इतक्या लांबच्या देशाला आपला वॉर्ड आठ कशाला हवा, आपलं गटार तुंबलेलं आहे ते त्यांना काय करायचंय. मी म्हणालो, हीच तर त्यांची चाल. कोणाला संशय येत नाही. तो विचारात पडलेला दिसला. मग त्याने विचारलं, गाल का सुजलाय. रागाने, म्हणालो.

९ मार्च, रविवार

पुरावा तयार.

माझ्या प्रचाराच्या पेजवर एक माणूस रोज लिहायचा. नाव 'खरा शेजारी', फोटोत सूर्यफूल. मी दुकानाच्या नव्या शटरचा फोटो टाकला तरी लिहायचा, असा नेता शतकातून एकदाच होतो. विरोधकांना सोडू नका, असंही लिहायचा. पहाटे चार वाजतासुद्धा. घरात कोणी माझ्याशी इतकं बोलत नाही.

तो म्हणजे शेजारच्या इमारतीतले रिटायर्ड मास्तर असावेत. मला पाहिलं की रस्ता बदलतात. काही माणसांची भावना लपवायची हीच पद्धत असते. मी निवडून आलो की त्यांना सल्लागार नेमायचं नक्की.

सगळ्या कॉमेंट्स प्रिंट केल्या. २१२ पानं. पाठिंबा मला, मतं त्याला. आयोगाला आणखी काय हवं? हिने विचारलं, प्रिंटरची शाई कुठे गेली. लोकशाहीत, म्हणालो.

१२ मार्च, बुधवार

दुकानातला नजर तपासायचा बोर्ड बदलला. वर मोठ्या अक्षरात 'घोळ'. खाली जरा लहान, 'निकालात घोळ आहे'. सगळ्यात खाली, बारीक: 'डॉक्टरला विचारा खुर्ची कुठून आली'. गिऱ्हाइकाला वाचावंच लागतं. असा प्रचार अजून जगात कोणी केला नसेल.

दाढेवर लवंग धरली. दात-ओठ खावेसे वाटतात, पण उजव्या बाजूने काही खाता येत नाही.

१४ मार्च, शुक्रवार

तक्रार दाखल केली. फाइल नेऊन दिली, पोच घेतली.

हिला न्हाव्याच्या बायकोकडून कळलं. ही म्हणाली, तक्रार मागे घ्या. म्हणालो, प्रश्न तत्त्वाचा आहे. म्हणाली, प्रश्न माझ्या भावाचा आहे, आणि तुम्हाला उमेदवारीचा अर्ज भरायला त्यानेच पेन दिलं होतं. ते पेन परदेशी होतं का, हे मी विचारलं. विचारायला नको होतं. बॅग भरून माहेरी गेली.

माहेर दोन गल्ल्या पलीकडे असल्यामुळे जाण्यात तितकासा जोर येत नाही. तासाभरात दोनदा परत आली. एकदा चार्जर न्यायला, एकदा मी गॅस बंद केलाय का बघायला. दोन्ही वेळा मी पेपर वाचत होतो. उलटा धरला होता, हे नंतर लक्षात आलं.

बायकोसुद्धा पळवली त्याने. हेही तक्रारीत जोडावं.

१८ मार्च, मंगळवार

आश्चर्य. सहा दिवसांत अकरा गिऱ्हाइकं, आणि अकराच्या अकरा जणांनी शेवटची ओळ घडाघडा वाचली. मोतीबिंदूवाल्या आजींनी तर बोर्डाकडे पाठ असताना वाचली. सगळ्यांचे नंबर कमी करून दिले. सत्याचा डोळ्यांवर परिणाम होत असावा.

२४ मार्च, सोमवार

अकरापैकी नऊ जण परत आले. कोणाचं डोकं दुखतंय, कोणी जिन्यात पडता पडता वाचलं. न्हाव्याने खुलासा केला: ती ओळ साऱ्या गल्लीला पाठ आहे, लोक येता-जाता एकमेकांना विचारतात, खुर्ची कुठून आली. म्हणजे चळवळ झाली. लोक हसत विचारतात असंही तो म्हणाला, पण न्हाव्यांना तिखटमीठ लावून सांगायची सवयच असते.

मऊ भात, तिसरा दिवस. गावातल्या इतर दोन दातवाल्यांना फोन केला. दोघं म्हणाले, तुमचे मेहुणेच आमच्यापेक्षा चांगले. कट किती खोल गेलाय बघा.

२९ मार्च, शनिवार. दुपारी ३

जनसुनावणी. नगरपालिकेचा हॉल, पंखे तीन, चालू एक. आयोगाच्या बाई टेबलामागे.

आधी सर्वसाधारण चर्चा. पंपवाला म्हणाला, हरलेल्या लोकांची रडारड थांबवा, चौकशीने फक्त संशय वाढतो. शाळेच्या हेडबाई म्हणाल्या, संशय असताना बघायचंच नाही म्हटलं तर पुढच्या वेळी मत द्यायला कोण येईल? दोघांनाही टाळ्या पडल्या, बऱ्याचशा त्याच माणसांच्या. मग मी उठलो. बावीस मिनिटं बोललो. गालामुळे 'परकीय' हा शब्द नीट येत नव्हता, तो मी प्रत्येक वेळी दोनदा म्हटला.

बाई फाइल चाळत होत्या. तिसऱ्या पानावर थांबल्या. मागे गेल्या, पुन्हा तिसऱ्यावर आल्या. हे मूळ प्रिंट आमच्याकडे ठेवू का, म्हणाल्या. मी म्हणालो, देशासाठी ठेवा.

मेहुणा शेवटच्या रांगेत, शेजारी ही. बाईंनी त्याला काही सांगायचंय का विचारलं. उठून एवढंच म्हणाला की भावोजींचा गाल फार सुजलाय, त्यांना बसायला खुर्ची द्या.

खुर्ची म्हटल्याबरोबर सगळा हॉल हसला. ही हसली नाही. तिने पदर तोंडाला लावला होता, त्यामुळे नक्की सांगता येत नाही. मेहुण्याला मी सोडणार नाही.

८ एप्रिल, मंगळवार. ११.२०

आयोगाच्या बाईंचा फोन. स्वतः. 'खरा शेजारी' यांना तुम्ही कधी भेटलात का? म्हणालो, प्रत्यक्ष नाही, पण मनाने रोज. मग म्हणाल्या, हे अकाउंट आमच्या यादीत नव्हतं, तुमच्या फाइलमुळे मोठा धागा हाती लागला, आभारी आहोत.

आभारी आहोत. आयोग.

मेहुण्याचे दिवस भरले. निवडणूक रद्द होईल त्या दिवशी त्याच्या दवाखान्यासमोर उभा राहणार. काही बोलणार नाही. नुसता उभा. नगरसेवकाची पाटी उतरवताना तो माझ्याकडे बघेल, तेव्हा घड्याळात बघायचं. आरशासमोर सराव केला. उजवा गाल सोडला तर छान जमतं.

संध्याकाळी मास्तरांना गाठून हात धरला, म्हणालो, खरे शेजारी. ते म्हणाले, आमच्याकडे इंटरनेट नाही, साधा फोनच आहे. रस्ता का बदलता, विचारलं. तर म्हणे तुम्ही भेटलात की पाऊण तास सोडत नाही. कोणाची तरी पाळत असणार त्यांच्यावर. खूण म्हणून मी डोळा मारला. ते घरात गेले आणि आतून कडी लावली.

१६ मे, शुक्रवार. सकाळी १०.४०

अहवाल आला. चारशे सहा पानं. वॉर्ड आठ पान ३१८ वर, तळटीपेत.

तीनदा वाचलं. चष्मा पुसून चौथ्यांदा.

'खरा शेजारी' हे अकाउंट चार हजार मैलांवरच्या एका ऑफिसातून चालत होतं. सूर्यफुलाचा फोटो असलेली तशी एकेचाळीस. मागे माणूस नव्हता, प्रोग्रॅम होता. जिथे जो उमेदवार सगळ्यात भांडखोर दिसेल त्याची स्तुती करायची, म्हणजे लोकांत आपोआप भांडणं लागतात, असं त्याला शिकवलेलं. वॉर्ड आठमध्ये परकीय हस्तक्षेप झाला, हे सिद्ध. तो एका चष्मेविक्रेत्याच्या बाजूने झाला. निकालावर परिणाम: शून्य. पुढे कंसात, 'कदाचित उलटा'.

शेवटी, स्वतः फाइल आणून देणाऱ्या नागरिकाचे आभार.

वाईट वाटलं. हरल्याचं नाही, ते जुनं झालं. रोज कोणीतरी माझ्याशी चांगलं बोलत होतं आणि मी त्याला मनातल्या मनात चहाला बोलावलं होतं. मास्तर नाहीत, कोणीच नाही. दुकानात बसून होतो. बोर्डाकडे बघवेना.

दुपारी १.१५

दाढ. उभं राहवेना. दोन गल्ल्या चाललो.

तीच खुर्ची. वर गेली. आरामशीर आहे, हे इथे लिहून ठेवतो. ही शेजारी माझा चष्मा हातात धरून उभी. मेहुण्याने इंजेक्शन दिलं, तोंडात दोन्ही हात घातले आणि त्याच्या सवयीप्रमाणे बोलायला लागला.

म्हणाला, भावोजी, अहवाल मी नाही वाचला, ताईने वाचला. सकाळपासून रडतेय, तुम्हाला किती लागलं असेल म्हणून. मग म्हणाला, तुम्हाला सांगणार नव्हतो, पण मी मत तुम्हालाच दिलं. ताईने शपथ घातली होती, की जिंकायचं तर जिंक, पण माझ्या नवऱ्याला तुझ्या मताने हरवू नकोस. आणि तसंही, म्हणाला, बटणासमोर उभा राहिलो तेव्हा वाटलं, आमच्या घरातलं एक तरी मत तुम्हाला पडायला हवं.

मला बरंच काही म्हणायचं होतं. जीभ बधिर होती. डोळ्यांतून पाणी आलं, तर त्याने विचारलं, दुखतंय का. मान हलवता येत नव्हती.

१८ मे, रविवार

जुना बोर्ड परत लावला. ही परत आली, चार्जरसकट. राग गेल्याचा पुरावा नाही, पण भात आज जास्त मऊ होता.

एकतीस मतं. एक माझं, एक हिचं, एक त्याचं. उरलेली अठ्ठावीस कोणाची, याची चौकशी करायची नाही.

पेजवर लिहिलं: ज्यांना चुकीचा नंबर गेला त्यांनी चष्मे बदलून न्यावेत, मी दिलगीर आहे. सकाळपासून एकही कॉमेंट नाही. सूर्यफूल असतं तर आत्तापर्यंत शतकातून एकदा वगैरे लिहिलं असतं.

संध्याकाळी एक लाइक आला. मेहुण्याचा.

लाइक परत घे म्हणून त्याला सांगावं का, विचार करतोय. आधी काढलेल्या दाढेचे टाके निघू देत.