आणि शेवटी ट्रकवाला

शनिवार, ९ नोव्हेंबर

किळस आली. दुसरा शब्द नाही.

ताईच्या खुनावरचा सिनेमा आज लागला. नावं बदलली आहेत, पण आमच्या गावाला काय सांगायचं — कौलांचा कारखाना तोच, ती जिथे सापडली ते खाणीतलं हिरवं पाणी तेच. मध्यंतरापर्यंत मी श्वास रोखून बसले होते. नटीने ताईसारख्या पिना दातात धरून केस वर बांधले. नवऱ्याचा संशयी स्वभाव, शेजाऱ्यांचं कानावर हात ठेवणं, लंगडणारा फौजदार — सगळं नेमकं पकडलं होतं. वाटलं, भावजी कोर्टातून पुराव्याअभावी सुटले, निदान पडद्यावर तरी सापडतील.

आणि शेवटी? कुठूनसा एक ट्रकवाला उगवतो! आधी कुठे दिसला नाही, कुणी त्याचं नाव काढलं नाही. पकडला जातो, घडाघडा कबूल करतो, संपलं. नवरा बायकोच्या फोटोपुढे रडतो. डोंगर पोखरून उंदीर — तोही दुसऱ्याच्याच बिळातला.

भावजी दोन रांगा पुढे होते. दिवे लागले तशी माणसं त्यांच्या पाठीवर हात ठेवून जाऊ लागली. त्यांनी रुमालाने डोळे टिपले! शेजारी भाची बसली होती, मान खाली घालून.

सोमवार, ११

माझ्या चष्म्याच्या दुकानात येईल त्याच्या तोंडी तेच. पोस्टमन म्हणाला, बरं झालं, तुमच्या भावजींवरचा डाग एकदाचा धुतला गेला. मी त्याच्या काचा पुसत राहिले. ओरखडा पडला.

बुधवार, १३

दिग्दर्शकाचा नंबर मिळवून फोन केला. तोंडाला येईल ते बोलले. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, मी लिहिलेला शेवट वेगळा होता, तुमच्या आईंनी येऊन हात जोडले म्हणून बदलला.

आई!

गुरुवार, १४

आई मटार सोलत होती. विचारलं. मान वर न करता म्हणाली, "पोरीला आई नाही. बाप तरी राहू दे."

म्हणजे त्यांनीच मारलं हे तुलाही माहीत आहे तर, मी म्हटलं.

माहीत नसायला काय झालं, म्हणाली. पण ताई गेली तेव्हा पोर एवढीशी होती, तिला काही कळलेलं नाही आणि कळायलाही नको.

मी म्हटलं, पोटच्या मुलीला तू दुसऱ्यांदा बुडवलंस. ती सोलत राहिली.

तिच्या हातचं जेवले नाही. तिचीही किळस आली. लिहितानाही येते आहे — काय करू?

रविवार, १७

भाची आली. कपड्यांची पिशवी घेऊन. बाबांना सांगून आलीस का, आईने विचारलं. ती नाही म्हणाली. चपला न काढता दारातच उभी राहिली.

"आजी, ट्रकवाला नव्हता गं. मी तेव्हा घरातच होते. पलंगाखाली."