काऊन विचारायची शाळा

बा, सगळ्यात आधी टपकली ती शेजारची जाऊबाई, अन् तिला तर कोणी बोलावलंही नव्हतं. साखर मागायला आली आणि बसूनच राहिली. मॅडमची स्कुटी त्यानंतर दारात लागली. मॅडम म्हणजे माझ्या नातीला आयटीआयत वायरमनचं काम शिकवतात त्या. मागं वर्गातली एक पोरगी होती. चहासाठी थोडीच आल्या! माझ्या मुलानं निरोप धाडला होता, आयटीआयतून पोरीचं नाव काढून घेतो म्हणून.

त्याची तक्रार ऐका. "मॅडम, तुमी शिकवतच नाही मने. पोरगी चुकली तरी सांगत नाही, उलट तिलेच विचारता, तुले काय वाटते! मंग तिनं रोज बस कायले धरावी?"

मला त्याच्यात तुम्हीच दिसलात. लहानपणची मी मांडीवर सूप घेऊन तुमच्या शेजारी बसली आहे, बिडीसाठी तेंदूचं ओलं पान पत्र्याच्या मापानं कापते आहे. "बा, पान असंच काऊन धराचं?" म्हणते, आणि तोच पत्रा बोटांवर बसतो. "हात चालव, तोंड नोको." हात चालला, बा. बिडी मी अशी वळायची की बाया पाहायला यायच्या. पण पान जरा वेगळं आलं की माझी नजर तुमच्याकडे. तुम्ही गेल्यावर कोणाकडे पाहायचं होतं? तुम्ही चुकलात. समोर असता तरी म्हटलं असतं, पत्रा हातात असता तरी!

मॅडम भांडल्या नाहीत. घरात काही बिघडलंय का, एवढंच विचारलं. पाण्याची मोटर होती ना, नुसती गुं गुं करायची, फिरायची नाही. नात म्हणाली, "कंडेन्सर गेला असन." मैत्रिणीच्या थैलीतला नवा लावला, बटन दाबलं. गुं गुं.

"पाहा, चुकली!" माझा मुलगा.

मॅडमनी हात लावला नाही. "बरं, मग हे नव्हतं. आता काय वाटते? अन् काऊन?"

काऊन! शिकवणारीच विचारून राहिली होती, बा! नातीनं लाइट बंद केली, मोटरीचा मागचा पंखा हातानं फिरवून पाहिला. हलेना. "आतून जाम हाय. हेच आधी पाहाले पायजे होतं," म्हणाली, अन् कोणाकडेही न पाहता म्हणाली.

मुलगा उठला, तिच्याजवळ उकिडवा बसला. "जाम काऊन झाली वो?"

"बाबा, तुमाले काय वाटते?"

जाऊबाई अशी हसली की साखरेची वाटी कलंडली. मुलगा खाली पाहून म्हणाला, "गाळ गेला असन." मग दोघंही मोटरीत डोकं घालून बसले. नाव काढायचं बोलणं परत निघालंच नाही. निघालं असतं तर मी होतीच.

मोटर काही चालली नाही. खोलायला लागतो तो पाना त्यांनी आणला नव्हता.

हे पत्र कुठं टाकणार, राहील डब्यात. एक मात्र अजून कोणालाच सांगितलं नाही: मोटर खोलताना पहिला बोल्ट मी काढणार आहे. मॅडम गुरुवारी पाना घेऊन येतो म्हणून गेल्या.