टाचणीच्या टोकाएवढ्या

४ मार्च, सोमवार

अप्पांच्या डोळ्यांतल्या बाहुल्या मोठ्या आहेत.

सकाळपासून हे एकच वाक्य डोक्यात आहे. दाढी करताना त्यांची हनुवटी वर धरली तेव्हा दिसलं. रोज साठ मिलिग्रॅम मॉर्फिन सकाळी, साठ संध्याकाळी – आज तीन आठवडे झाले. अशा माणसाच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या हव्यात, अंधारातसुद्धा. अप्पांच्या मात्र माझ्यासारख्याच, चांगल्या पसरलेल्या.

शरीर मॉर्फिनच्या बऱ्याच गोष्टींना सरावतं. गुंगीला सरावतं, मळमळीला सरावतं. दोन गोष्टींना काही केल्या सरावत नाही – बारीक झालेल्या बाहुल्या आणि बद्धकोष्ठ. आणि अप्पांचं पोट रोज सकाळी साफ! मी खुळी खूश होत होते, पोटाचं औषध लागू पडलं म्हणून.

हॉस्पिटलच्या औषध विभागात बावीस वर्षं काढली. एवढं कळायला दाढी करावी लागली.

म्हणजे गोळ्या पोटात जात नाहीत. मग जातात कुठे?

५ मार्च, मंगळवार

कामात लक्ष नाही. एकाच चिठ्ठीवर दोनदा शिक्का मारला.

गोळ्या दादा देतो. सकाळी आठ, संध्याकाळी आठ – दोन्ही वेळा मी एकतर वाटेत, नाहीतर कामावर. कारखाना बंद पडल्यापासून सात महिने तो घरी आहे. पाठ दुखते म्हणतो. झोप लागत नाही म्हणतो. मी कधी कान दिला नाही. आज सगळं आठवतंय, आणि जे आठवतं ते त्याच्याविरुद्धच जातंय.

दुपारी डॉक्टरीणबाईंचा फोन. "दुखणं आटोक्यात येत नाहीये ना, मग शुक्रवारी पंप लावून टाकू. आताच्या डोसच्या हिशेबानं, थोडा वाढवूनच." कातडीखाली बारीक सुई, चोवीस तास औषध. हिशेब कागदावर अगदी बरोबर. पण ज्या शरीरात तीन आठवडे काही गेलंच नाही त्याला कसला आलाय सराव? मेंदूच्या तळाशी जिथून श्वास चालतो, तिथे तो डोस जाऊन बसेल. मिनिटाला सोळा श्वासांचे दहा होतील, दहाचे पाच. मग अप्पा शांत झोपलेत असं आपल्याला वाटत राहील.

आणि मी फोनवर काय म्हणाले? "बरं."

कारण खरं सांगितलं तर पुढचा प्रश्न – गोळ्या कुणी घेतल्या? दादाचं नाव माझ्या तोंडून बाहेर पडेल. शुक्रवारच्या आत सांगायलाच हवं. आधी त्याच्याशी बोलते.

६ मार्च, बुधवार

बोलले कसली! भांडले.

तो भाजी आणायला गेला तशी त्याची खोली उचकली. गादीखाली, कोटाचे खिसे, बुटांत हात घालून – काही नाही. वळले तर तो दारात, हातात पिशवी.

"काय शोधतेस?"

"अप्पांच्या गोळ्या."

त्याला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा खाली बसला. म्हणाला, "धडधाकट माणूस कशाला खाईल ती गोळी? मिळतं काय त्यातून?"

आणि मी सांगितलं! माझी खोड. अप्पा मला उगाच मास्तरीण म्हणत नाहीत. सगळं साग्रसंगीत सांगितलं – शरीर स्वतः जे दुखणं मारायचं औषध बनवतं, त्याच्याच कुलुपात ही किल्ली बसते. पण नुसतं दुखणं जात नाही. अंगात ऊब पसरते, नाकाला खाज सुटते, भूक मरते, आणि उद्याचं काय, परवाचं काय, यातलं काही बोचेनासं होतं. "ते मिळतं," म्हणाले, "साळसूदपणा पुरे."

तो म्हणाला, "काळजीपण जाते?"

रागानेच म्हणाला असणार. चपला घातल्या आणि गेला. भाजीची पिशवी तशीच दारात.

७ मार्च, गुरुवार

रजा टाकली. आठची गोळी माझ्या हाताने दिली. अप्पा घोटभर पाणी प्याले, हसले. मी घरभर येरझाऱ्या. चार वेळा चहा टाकला, एकदाही प्याले नाही.

बाराला पडदे ओढून टॉर्च मारला. बाहुल्या मोठ्या.

दादा नव्हे. देवा, दादा नव्हे.

"अप्पा, सकाळची गोळी कुठे आहे?"

ते माझ्याकडे बघत राहिले. चोरी पकडली गेल्यासारखे नाही, उलट जरा ऐटीत. उशीखालून चष्म्याचं घर काढलं. आत एकोणपन्नास गोळ्या, काही ओलसर होऊन वाळलेल्या. गालात धरायच्या आणि पाठ वळली की काढायच्या. वर कागदाची चिठ्ठी, थरथरत्या अक्षरात एकच शब्द – राखीव.

"तूच म्हणालीस ना, शरीराला सवय होते, मग गोळी पुरत नाही. आत्ताच सगळं वापरून बसलो तर पुढे खरं दुखेल तेव्हा काय?"

एकतीस वर्षं वीजकेंद्राच्या स्टोअरचे स्टोअरकीपर. खालचा कप्पा कधी रिकामा करायचा नाही, हा त्यांचा नियम. साहेब आला तरी शेवटचा बोल्ट देत नसत. आणि हा माणूस हाडं पोखरणारं दुखणं तीन आठवडे दात आवळून सोसत होता, माझ्या अर्ध्या वाक्यापायी!

मी रडले. म्हटलं, अप्पा, हे औषध असं संपत नाही. सवय झाली की डोस वाढवतात, पुढे आणखी वाढवता येतो. त्याला साठवून ठेवायचं नसतं.

"मग तसं आधी सांगायचं," म्हणाले. "अर्धंच शिकवतेस, मास्तरीण."

डॉक्टरीणबाईंना तिथूनच फोन केला, सगळं सांगितलं. पंप रद्द. अगदी लहान डोसपासून नव्याने सुरुवात. बाई एवढंच म्हणाल्या, "परवाच का नाही बोललात?"

८ मार्च, शुक्रवार

टाचणीच्या टोकाएवढ्या! अप्पा दुपारभर झोपले. श्वास चौदा. मोजतच बसले.

१० मार्च, रविवार

दादाची माफी मागितली. कठीण गेलं. तो खिडकीशी उभा राहून ऐकत होता, पाठीला हात लावून. म्हणाला, "चोर म्हणालीस ते राहू दे. पाठ दुखते म्हणायचो तेव्हा तरी कधी वळून बघितलंस?" तो खरं तेच बोलत होता.

साठवलेल्या गोळ्या परत करायच्या आहेत. आमच्याकडे नियम आहे, दोघांनी मिळून मोजायच्या आणि दोघांच्या सह्या घ्यायच्या. बावीस वर्षांत मी तो एकदाही मोडला नाही. आज त्याच्यासमोर मोजायच्या म्हणजे पुन्हा तोंडावर चोर म्हटल्यासारखं! मोजायला हात शिवशिवत होता. आवरला. चष्म्याचं घर तसंच त्याच्या हातात दिलं.

"उद्या डॉक्टरीणबाईंच्या सिस्टरकडे नेऊन देशील?"

"माझ्याकडे देतेस?"

"तुझ्याकडेच देते."

किती दिवसांनी जीव थाऱ्यावर आला.

११ मार्च, सोमवार

"दिलं," म्हणाला. बरं झालं.

१३ मार्च, बुधवार

दादा पुन्हा बोलायला लागला! अप्पांचे पाय चेपत बसला होता, जुन्या गमती सांगत होता. पाठीची तक्रार नाही. जेवला मात्र दोनच घास. सारखं नाक चोळतोय – पडदे धुवायला काढायला हवेत, फार धूळ बसलीय.

तरी आज चैन पडत नाही. का, ते कळत नाही.

१५ मार्च, शुक्रवार

सिस्टर अप्पांना बघायला आल्या. जाताना म्हटलं, त्या गोळ्या मिळाल्या ना? "कुठल्या गोळ्या?"

खोलीत पडदे ओढलेले. अप्पा झोपलेत, दादा उशाशी. मी त्याची हनुवटी वर धरली. तो हसला, हात बाजूला केला नाही. मग अप्पा जागे झाले आणि तेही माझ्याकडे बघायला लागले.

दोघांच्याही बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या.