फोडा म्हणालो होतो

४ जून
तेजूला फलटणच्या भरतीपूर्व अकॅडमीत घातलं. राहायचं तिथंच. वय सोळा, पोलीस व्हायचंय. प्रशिक्षक सरांना सगळ्यांसमोर ठणकावलं, "मुलगी म्हणून सवलत नको. चुकली तर फोडा." सर हसले. येताना सौ. एसटीत खिडकीकडं तोंड करून बसली. बसू दे. वीस वर्षं फौजेत काढलीत, शिस्त मला कळते.

११ ऑगस्ट, रवि.
तेजू दोन दिवस घरी. उभ्यानंच जेवली. म्हणे पाय आखडलेत.

१२ ऑगस्ट
सौ.नं न्हाणीत पाहिलं. मांड्यांवर मागून पट्ट्याचे वळ, जुन्यावर नवे. आठशे मीटरला चार सेकंद जास्त लागले म्हणून.
"मला का नाही सांगितलंस?"
"तुमीच म्हणाला हुता की, आण्णा."


१३ ऑगस्ट
अकॅडमीत गेलो. सरांची कॉलर धरणार होतो. त्यांनी खुर्ची दिली.
"आवं हवालदारसाहेब, तुमचाच हुकूम हुता. फौजेत तुमी मार खाल्ला न्हाई व्हय?"
खाल्ला. सुट्टीवर आलो की तेच किस्से रंगवून सांगायचो. तेजू मांडीवर बसून ऐकायची. तसाच माघारी आलो. लय लाज वाटते.

१५ ऑगस्ट
शाळेत झेंड्याला बोलावलं होतं, गेलो नाही. अंगणात नुसत्या येरझाऱ्या. सौ. म्हणते, "बसा की जरा." बसवत नाही. भावाचा फोन: पोरीचं नाव खराब होईल, गप बस.
तेजूला परत धाडलं नाही. विचारलं, तक्रार करायची?
"करायची. पन कुणाच्या सांगन्यावरनं मारलं म्हनून इचारलं, तर तुमी काय सांगनार?"


१७ ऑगस्ट
तिघं फलटणला पोलीस ठाण्यात. तिथल्या फौजदार मॅडम आधी तेजूशी वेगळ्या बोलल्या. दवाखान्याचा कागद घेतला. मग मला, "मारायला कुणाची परवानगी होती?"
तेजू फरशीकडं बघत होती.
म्हणालो, "माझी. बापाची. आणि ती द्यायचा मला अधिकार नव्हता, तेपण लिहा."
मॅडमनी पेन थांबवलं, माझ्याकडं पाहिलं, मग लिहिलं. तेजूनं मान वर केली.
सर म्हणे वकील बघतायत. बघू दे.
परतीची एसटी निम्मी रिकामी. तेजूला बसता येत नव्हतं, दांडा धरून उभी. सौ. म्हणाली, "आवं, तुमी तरी बसा."
गावापर्यंत मीही उभा राहिलो.