धोंड्याचं बारसं

विश्रामबाग, सांगली
१० नोव्हेंबर २०२५

ती. धोंडूआत्यास शिवांजलीचा सा. न. वि. वि.

फोनवर तू ‘धोंडा सापडला’ एवढंच ऐकलंस आणि रेंज गेली, म्हणून हे पत्र. आमच्या कॉलेजात आकाशाचे फोटो तपासायचं काम चालतं. एकाच जागेचे, काही मिनिटांच्या अंतरानं काढलेले चार फोटो पाठोपाठ बघायचे. तारे जागचे हलत नाहीत. गेल्या वर्षी माझ्या फोटोत एक ठिपका सरळ रेषेत सरकला. तो लघुग्रह आहे आणि कुणाच्याच नोंदीत नव्हता, असं परवा कळलं. मंगळ आणि गुरूच्या मधून फिरतो, सूर्याभोवती एका फेरीला चारेक वर्षं लावतो. तुमच्या खंबाटकीतल्या एखाद्या डोंगराएवढा असेल.

नाव शोधणाऱ्यानं सुचवायचं असतं. पण आपल्यात बारशाचा मान आत्याचा, तेव्हा नाव तू ठेव.

लोभ आहेच, वाढला तर हरकत नाही.
तुझी शिवांजली

खंडाळा, जि. सातारा
१७ नोव्हेंबर

चि. शिवांजलीस अनेक आशीर्वाद.

पत्र तीनदा वाचलं आणि गल्लीला एकदा मोठ्यांदा वाचून दाखवलं. बारसं म्हटल्यावर हात थांबतात होय? दोन किलो हरभरे भिजवले आणि घुगऱ्या वाटूनही टाकल्या. शेजारच्या आबेदानं खाता खाता विचारलं, की आवं आक्का, त्यो धोंडा आपल्या पत्र्यावर तर पडायचा न्हाई न्हवं? मी म्हटलं, माझी भाची शोधते, पाडत नाही.

पण नाव मी ठेवणार नाही. तू तिसरी मुलगी. पुढचा तरी मुलगा व्हावा म्हणून पाळण्यात वाकून तुझ्या कानात ‘नकुशी’ म्हणणारी मीच. माझ्याआधीची दोन भावंडं गेली, म्हणून मी दगडासारखी टिकावी यासाठी माझं नाव धोंडू ठेवलं. मला राखायला नाव दिलं, आणि मी तुला नको म्हणायला दिलं. त्याची लाज वाटते, बाळ. तो मान माझा राहिला नाही. तुझ्या आईला विचार.

लोभ ठेव, असं कोणत्या तोंडानं लिहू?
तुझी आत्या

विश्रामबाग, सांगली
२४ नोव्हेंबर

ती. आत्यास सा. न. वि. वि.

घुगऱ्यांची घाई झाली. सध्या त्याला नुसती अक्षरं आणि आकडे आहेत, तेही तात्पुरते. त्याची वाट पक्की कळली की कायमचा क्रमांक, मग नाव. आठ-दहा वर्षं जातील. तेव्हा बीपीच्या गोळ्या चुकवू नकोस.

राग होता, खोटं कशाला सांगू. हजेरीला बाई नकुशी म्हणत, पोरं हसत, आणि मला तुझा राग येई. पण आम्ही साताऱ्यात असताना सरकारनं सगळ्या नकुशींची नावं बदलून दिली, तेव्हाचा फॉर्म आईनं यंदा दिवाळीत दाखवला. नव्या नावाच्या रकान्यात ‘शिवांजली’ हे अक्षर तुझं आहे, ‘शि’ दोनदा गिरवलेला. पहाटेच्या एसटीनं आलीस, फॉर्म भरलास आणि पोरीला सांगू नका म्हणालीस, असं आई म्हणाली. म्हणूनच तुला विचारलं.

आकाशातही पहिलं नाव तात्पुरतंच असतं, आत्या. दुसरं तू चांगलं ठेवतेस.

लोभाचं विचारू नकोस, तो आहे.
तुझी शिवांजली

खंडाळा
१ डिसेंबर

चि. शिवांजलीस आशीर्वाद.

हे पत्र कुणाला वाचून दाखवलं नाही. आबेदाला सांगितलं, कांदा चिरत होते. गोळी आत्ताच घेतली.

नाव ठरलंय. कागदावर लिहीत नाही. बारशाला तुझ्या कानात कुर्र करूनच सांगेन. माझ्या पाठीत धपाटे घालायला चार बायका तेवढ्या तू जमव.

तुझी धोंडूआत्या