बॉनेटचं अस्तर

प्रिय ठकू,

आधी बस आणि मग वाच. उभ्या उभ्या, चहा ढवळत पत्र वाचायची तुझी सवय मला माहीत आहे. शेवट चांगला आहे एवढं आत्ताच सांगून ठेवते, म्हणजे मधेच फोन उचलणार नाहीस. तीन आठवडे मी तुला घरी येऊ नकोस म्हणत होते. परवा तू चिडून म्हणालीस, "राहू दे, तुला माझ्यापेक्षा गाडी प्यारी," आणि फोन ठेवून दिलास. त्याचं उत्तर तुला द्यायचं आहे. फोनवर तू मला एक वाक्य पुरं करू देत नाहीस. त्या बाबतीत अगदी बापावर गेली आहेस.

तू आलीस त्या रविवारी आपल्या जुन्या गाडीच्या दुरुस्तीतलं एकच मोठं काम उरलं होतं, बॉनेटचं. बॉनेटच्या आतल्या बाजूला जाड अस्तर असतं. लहानपणी तू त्याला "उलटी सतरंजी" म्हणायचीस. इंजिनाची धग वरच्या रंगापर्यंत जाऊ नये आणि आवाज थोडा दबावा, एवढंच त्याचं काम. आपलं अस्तर चाळीस वर्षांनी लोंबायला लागलं होतं, एक तुकडा तर तापलेल्या पाइपावर पडून करपला होता. तू पोट सांभाळत गॅरेजच्या दारात स्टूल टाकून बसलीस, टॉर्च माझ्या हातावर धरलास आणि मी पत्र्याला चिकटलेलं ते सगळं खरवडून काढलं. धूळ अशी उडाली की तुला लागोपाठ चार शिंका आल्या. केसांवर हात फिरवून म्हणालीस, "आई, मी आता तुझ्या वयाची दिसते का गं?" आपण दोघी केवढ्या हसलो! ती दुपार मला नंतर शंभर वेळा आठवली, पण हसू काही आलं नाही.

बुधवारी मिस्त्री नव्या अस्तराचे तीन नमुने घेऊन आले. एक होतं नमद्याचं, म्हणजे दाबलेल्या लोकरीचं, जुन्यासारखं दिसणारं, पण तेल पिणारं. दुसरं चिकट काळं, आवाज छान दाबणारं, पण इतकं जड की बॉनेटच्या बिजागऱ्या कुरकुरल्या असत्या. तिसरं काचेच्या तंतूंचं, कडा शिवलेल्या आणि एका बाजूला चंदेरी पत्रा. बाबांना काळं हवं होतं. म्हणाले, "इंजिन गप्प बसलं तर निदान गाडीत तरी तुझं बोलणं ऐकू येईल." मी म्हटलं, "घरात कुठलं इंजिन आडवं येतं?" मग मी कणकेचे गोळे करून इंजिनावर चार ठिकाणी ठेवले, बॉनेट दाबून मिटलं, उघडलं आणि चपटलेल्या गोळ्यांची जाडी मोजली. सगळ्यात कमी जागा एअर फिल्टरवर, सतरा मिलिमीटर. म्हणजे इंजिन हलतं त्यासाठी पाच सोडले तर अस्तर बारापेक्षा जाड नको. बाबा दारातून म्हणाले, "स्वयंपाकघर इकडे हलवलंस का?" इथपर्यंत सगळं मजेत चाललं होतं.

मिस्त्रींनी सहज विचारलं, "ताई, जुनं कुठं टाकलंत?" मी कोपऱ्यातला डबा दाखवला. ते जवळ गेले नाहीत. "हे कोरडंच खरवडलंत? तोंडाला काही न बांधता?" मग हळूच म्हणाले, त्या काळच्या काही गाड्यांच्या अस्तरात ॲस्बेस्टॉस असायचं. असेलच असं नाही, पण असेल तर त्याची धूळ छातीत जाऊन बसते आणि वर्षानुवर्षं निघत नाही. मला फक्त तुझ्या चार शिंका ऐकू येत होत्या.

ठकू, मी तीस वर्षं कारखान्यात तपासणीला होते. मोजल्याशिवाय एकाही भागावर सही केली नाही. लोक मला पाठीमागे "चाळणी" म्हणायचे. आणि मी माझ्याच पोरीला, तिच्या पोटातल्या जिवासकट, कसली आहे ते माहीत नसलेल्या धुळीत बसवलं. का, तर घरची गाडी, घरचं काम, त्यात काय तपासायचं!

गॅरेज बंद केलं. डब्यातल्या तुकड्यांवर पाणी शिंपडलं, ते दुहेरी पिशवीत बांधले आणि अस्तराच्या दोन कोपऱ्यांतले नमुने प्रयोगशाळेत पाठवले. तिथले लोक म्हणाले, तीन आठवडे लागतील. तू तर पुढच्याच आठवड्यात राहायला येणार होतीस. तुझ्या खोलीची खिडकी गॅरेजकडे उघडते. मग खोलीला रंग देतोय, वास जात नाही, असं मी तुला सांगितलं. खरं सांगितलं असतं तर तू हे तीन आठवडे कसे काढले असतेस? बाबांनाही सांगितलं नव्हतं, पण तुझी खोली दिवसातून तीनदा ओल्या फडक्यानं पुसताना त्यांनी मला पकडलंच. सगळं ऐकून घेतलं. एरवी त्यांनी एखादा चिमटा काढला असता. ते उठले आणि दुसरं फडकं भिजवून खिडकीच्या गजांपासून सुरुवात केली. गज पुसता पुसता म्हणाले, "तीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका काढल्यास. आता स्वतःची एक निघाली तर अशी कोसळू नकोस." त्यानंतर रिपोर्ट येईपर्यंत त्यांनी एकही विनोद केला नाही. मला त्याचीच जास्त भीती वाटत होती.

आज सकाळी रिपोर्ट आला. मी चष्मा शोधत होते, तर बाबांनीच वाचला. सुती चिंध्या, काचेचे तंतू आणि डांबर. ॲस्बेस्टॉस आढळले नाही, दोन्ही नमुन्यांत. मी त्यांना तीनदा वाचायला लावलं. तिसऱ्यांदा ते म्हणाले, "आता चाल लावून म्हणू का?" तेव्हा कुठे मी रडले. दुपारी तिसरं अस्तर बसवलं. चंदेरी पत्र्यासाठी नाही घेतलं. त्याच्या पाठीवर आत काय काय आहे ते छापलेलं होतं, म्हणून घेतलं. बॉनेट अलगद मिटलं. बाबा मघापासून उघडमीट करून बघतायत.

ते म्हणाले, रिपोर्ट चांगला आलाय, आता पोरीला कशाला सांगतेस? पण सुदैवानं निभावलेली चूकही मी कारखान्यात कधी लपवू दिली नाही. तुझ्यापाशी कशी लपवू? रिपोर्टची प्रत सोबत जोडली आहे, डॉक्टरांना दाखव. हवं तेवढं रागाव, पण इथे येऊन रागाव. शनिवारी बाबा गाडी घेऊन तुला न्यायला येतील. खोली तयार आहे. रंगाचा वास नाही, ठकू, कधी नव्हताच.

तुझीच, तपासणीत नापास झालेली,
आई