गवताच्या काडीची खूण

कशेळे,
१२ सप्टेंबर १९७९

प्रिय जना,

अक्षर ओळखलंस ना? इतकी वर्षं पोरांच्या वह्या तपासूनही ते सुधारलेलं नाही. हे पत्र तुला वीस वर्षांपूर्वीच यायला हवं होतं. 'दादा, मी सुखात आहे' एवढंच लिहिलेलं तुझं कार्ड मनमाडच्या पत्त्यासह शाळेत आलं, ते मी जपून ठेवलं आणि उत्तर दिलं नाही. का, ते सांगतो. आधी हे ऐक, की या गावात तू केव्हाच मेली आहेस, आणि तुला मारलं मी.

मी खोक्यात हाडं-पिसं साठवायचो आणि तू नाक दाबून पळायचीस, आठवतं? तो पसारा आता भाताच्या कोठारात मांडलाय. दारावर कालपर्यंत 'कुतूहलघर' अशी पाटी होती. बरणीत दोन डोक्यांचं करडू, सायकलच्या चाकांवर फिरणारे ग्रह, कोंडाण्याच्या लेण्यांची मी काढलेली चित्रं (खांब जरा कलंडलेत, हसू नकोस). तिकीट नाही. येणाऱ्याने एखादी नवलाची वस्तू द्यायची आणि देताना तो जे बोलेल ते मी कार्डावर लिहून ठेवायचं. सोनुबाईने आपला शेवटचा पडलेला दात दिला. कार्डावर आहे, 'सुपारीची कटकट गेली, बाबा!'

पण लोक येतात ते तुझ्यासाठी. मधल्या भिंतीवर प्लास्टरचं एक पाऊल आहे आणि त्याच्या शेजारी वाघाचा पंजा.

तेवीस वर्षांपूर्वी तू गेलीस त्या सकाळी बांधावरच्या चिखलात दोघांच्या खुणा होत्या, तुझी अनवाणी पावलं आणि जमिनीच्या मोजणीला आलेल्या त्या पाहुण्याचे बूट. आबांनी ते पाहिलं असतं तर कोयता घेऊन त्यांनी तुम्हाला मनमाडपर्यंत गाठलं असतं. मी बुटांच्या खुणा पुसल्या. आठवड्यापूर्वी कोंडाण्याच्या वाटेवर वाघाच्या पावलात प्लास्टर ओतून मी एक पंजा बनवला होता. तो आणून तुझ्या पावलांभोवती दाबत गेलो. चारही पाय पुढचे डावे! कुणाच्या लक्षात आलं नाही. जनाला वाघाने नेलं, असंच सगळ्यांनी मानलं. मग तुझं एक पाऊलही प्लास्टरमध्ये उचललं. आबा त्याच्यापुढे बसून हमसून हमसून रडले. त्यांना रडताना मी तेव्हाच पाहिलं.

पावसाळ्यात प्लास्टर ओल धरतं. मग तुझं पाऊल असं ओलं दिसतं, की आत्ताच कुणी चिखलातून आलंय. वर्गाला मी त्याचं कारण नीट समजावून सांगतो, पण त्या भिंतीकडे पाठ करून बसायची माझी छाती होत नाही. भर दुपारी एकटा असलो की मागे ओल्या पायांची चपचप ऐकू येते. मी वळून बघत नाही. मेलेली माणसं छळतात म्हणतात. तू तर जिवंत असून मला छळलंस.

आबा आठ वर्षांपूर्वी गेले. तेव्हा तरी लिहायचं. पण खोपोली-कर्जतहून माणसं ते पाऊल बघायला येत होती, मला मान देत होती, आणि त्यांच्यापुढे खोटा पडायची मला भीती वाटली. लाज वाटते गं, पण खरं हेच आहे.

आई रोज सकाळी ताट घेऊन येते आणि त्या पावलाला हळदकुंकू लावते. तीन वर्षांपासून तिला दिसत नाही, तरी चाचपडत येते. पितृपक्षात तुझं पान मात्र तिने कधी वाढू दिलं नाही. वेडी आशा, असं मी समजत होतो. परवा आबांचं पान वाढताना मीच म्हणालो, यंदा जनाचंही वाढू या. आईने माझा हात झिडकारला. "जित्या पोरीचं पान वाढतोस काय रं, सहदेवा?"

मग माझं मनगट धरून तिने मला कोठारात नेलं आणि माझं बोट तुझ्या पायाच्या दुसऱ्या बोटाखाली ठेवलं. तिथे एक बारीक उंचवटा आहे. खाली माझ्याच अक्षरात लिहिलंय, 'गवताच्या काडीची खूण.' आई म्हणाली, "काडी नाय ती, मास्तर. जोडवं हाय. माजी पोर लगीन लावून गेली, जोडवी घालून गेली. मला पयल्याच दिवशी कळलं. तुज्या आबाच्या भ्यानं बोलली नाय."

तेवीस वर्षं, जना! मी तिला फसवत होतो आणि ती रोज येऊन सवाष्णीच्या पायाला कुंकू लावत होती.

दारावरची पाटी मी काल उतरवली. विचारतील त्यांना खरं सांगतोय. आई म्हणते, "प्लास्टरचा पाय पुरं झाला. खरा पाय माज्या हातात दे, डोळं नसलं तरी वळखीन." ती आता खूप थकली आहे. तू कशी असशील तशी, कुणासोबत असशील त्याच्यासोबत, घटस्थापनेच्या आत ये. पत्ता वीस वर्षांचा जुना आहे, हे कळतंय मला. हे पत्र परत आलं तर आई पहिलं मलाच विचारेल, आणि तिच्याशी पुन्हा खोटं बोलायची ताकद माझ्यात उरलेली नाही.

तुझाच,
सहदेवदादा